घोट्यातला ठोका

आधीच सांगते, हे खरं आहे. माझ्यासमोर घडलेलं आहे, ऐकीव नाही.

या पेजवर लोक 'मित्राच्या मामाने पाहिलं' असं काहीबाही लिहितात. ते वाचून मी पूर्वी पोट धरून हसायचे. आता हसत नाही. आणि कुणाला पटवायची मला हौसही नाही. पटलं तर पटलं, नाही तर पुढची गोष्ट वाचा.

भुताच्या गोष्टीला तुम्हाला रात्र लागते ना? इथे रात्र नाही.

मंगळवार होता. दुपारचे पावणेतीन. हॉस्पिटलचा दुसरा मजला, कॉरिडॉरच्या टोकाची खोली. बाहेर कुणीतरी फरशी पुसत होतं आणि फिनेलचा वास आत येत होता.

त्या खोलीत मी बावीस वर्षं काम करते. पायांना रक्त नीट पोचतंय की नाही, ते तपासायचं. सुई नाही, चिरफाड नाही. दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांच्या वर ब्लडप्रेशरचे पट्टे बांधायचे. घोट्यावर गार जेल लावायचं आणि पेनाएवढा प्रोब टेकवायचा. त्याची वायर डॉप्लरच्या मशीनला जोडलेली. नस सापडली की मशीनमधून आवाज येतो...

फुस्स... फुस्स... फुस्स...

मग पट्टा फुगवायचा, आवाज बंद होईपर्यंत. मग हळूहळू हवा सोडायची. ज्या आकड्याला आवाज परत येतो, तो घोट्याचा दाब. हाताचाही असाच घ्यायचा. पायाचा आकडा हाताच्या बरोबरीचा किंवा थोडा वर असला, की पाय ठणठणीत. निम्म्याच्या खाली गेला, की काळजी.

आणि आवाजच आला नाही, तर पेशंटच्या घरच्यांच्या डोळ्यांत बघायचं नाही. एवढंच मी शिकलेय.

त्या दिवशी टेबलावर माझा दादा होता.

पण त्याआधी, साडेबारा वाजता वॉर्डात काय झालं ते सांगायला हवं. नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते. रिटायर झालेले पोस्टमन. हृदयाचं दुखणं घेऊन आले होते, आणि पाय गार लागतात म्हणून डॉक्टरांनी मला बोलावलं होतं. वॉर्डात जाताना आम्ही खिशात मावणारं छोटं डॉप्लर नेतो. तेच घेऊन गेले.

"नीट बघ हं बाई," ते म्हणाले. "या पायांवर चाळीस वर्षं पत्रं वाटलीत. घरी चालतच जाणार आहे मी. गाडीबिडी काही नको."

"जा की. मी कोण अडवणार तुम्हाला?"

प्रोब टेकवला. आवाज लगेच मिळाला.

संथ होता. मिनिटाला पन्नासही ठोके नसतील. आणि प्रत्येक ठोक्याच्या शेवटी किंचित फरफट... फुस्स-खर्र... फुस्स-खर्र... इतक्या वर्षांत असा आवाज मी ऐकला नव्हता. पण जोर चांगला होता.

"आजोबा, पाय एकदम तरणेताठे आहेत तुमचे," मी म्हणाले.

ते हसले. निदान मला तरी हसल्यासारखं वाटलं.

आणि आवाज थांबला.

आता आमच्या कामातली एक खोड सांगते. आवाज गेला, की आम्ही आधी स्वतःच्या हाताला दोष देतो. प्रोब सरकला असेल, कोन चुकला असेल. मी प्रोब डावीकडे नेला. उजवीकडे नेला. आणखी जेल घातलं. खाली मान घालून त्या घोट्यावर नस शोधत बसले.

अर्धं मिनिट. कदाचित जास्त.

माणसाच्या तोंडाकडे बघायचं मला सुचलंच नाही.

शेवटी शेजारच्या कॉटजवळची सिस्टर ओरडली. धावपळ झाली, मला बाजूला ढकललं गेलं. मी मशीन तसंच एप्रनच्या खिशात कोंबलं आणि बाहेर आले. प्रोब पुसला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच पुसला नाही.

एक वाजता कळलं, ते गेले.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि कामाला लागले. करणार काय? दादाचा नंबर पावणेतीनला होता.

माझा दादा शिंपी. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. पायाने चालवायचं जुनं मशीन त्याचं, मोटर लावून घे म्हटलं तर अंगावर यायचा. सिगारेटी ओढून ओढून पायाच्या नसांची वाट लावून घेतली होती. आधी चालताना पोटऱ्या दुखायच्या, मग झोपेत दुखायला लागल्या, आणि त्या आठवड्यात उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली.

सर्जनने सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं. "घोट्याला पन्नासच्या वर दाब मिळाला तर फुगा घालून नस उघडून बघतो. काहीच मिळालं नाही तर उद्या सकाळी गुडघ्याखालून काढू. थांबलो तर जिवावर बेतेल."

आपल्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. आपल्याला हवं तेच ऐकू येतं म्हणून. त्यामुळे दादाची तपासणी माझा सहकारी करत होता. मिशांमुळे सगळे त्याला फौजदार म्हणतात. मिशा सोडल्या तर फौजदारासारखं त्याच्यात काही नाही, पाल दिसली तरी खुर्चीवर चढतो. पण कान तयार. त्याच्या हाताला आवाज लागला नाही, तर तो नसतोच.

त्याने घोट्याच्या पुढची नस बघितली. मागची बघितली. परत पुढची.

मशीनमधून नुसती खरखर.

"ए फौजदार," दादा म्हणाला, "स्टेशन लागत नाही का? एरियल वर कर."

फौजदार हसला नाही. तिसऱ्यांदा बघितलं. मग प्रोब खाली ठेवला, दादाच्या पायावर चादर ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "रिपोर्टचा फॉर्म घेऊन येतो."

तो गेला.

खोलीत आम्ही दोघंच. दादाची मस्करी तिथेच संपली. त्याने माझं मनगट धरलं. 

"ढमे," तो म्हणाला. लहानपणापासून हेच म्हणतो मला. "माझं मशीन पायाने चालतं गं. पाय गेला तर मी काय करू? काहीतरी कर ना."

मला रडू फुटलं. बाबा गेल्यावर याच माणसाने मला शिकवलं. रात्र रात्र पाय हलवून माझी फी भरली. त्या पायावर मी उभी होते, आणि मी म्हणणार होते, नाही, आवाज लागत नाही?

मी खिशातलं छोटं मशीन काढलं.

प्रोबच्या टोकाला जेल वाळून पांढरं झालं होतं. ते मला दिसलं. दिसूनही मी पुसलं नाही. घाई होती, फौजदार येईल म्हणून.

मला ज्या बाईंनी हे काम शिकवलं त्या फार कडक होत्या. म्हणायच्या, "प्रोब लागला की तोंड बंद. आपण ऐकायचं. बोलवायचं नाही." मला वाटायचं, बडबडीने आवाज ऐकू येत नाही म्हणून सांगतात.

मी दादाच्या घोट्यावर प्रोब टेकवला.

खरखर.

थोडा सरकवला. खरखर.

आणि मी बोलले. मोठ्याने बोलले.

"ये ना... कुणाचाही चालेल... ये."

खरखर थांबली.

एकदम शांत... इतकं शांत, की बाहेरच्या बादलीची कडी वाजलेली ऐकू आली.

आणि मग...

फुस्स-खर्र...

फुस्स-खर्र...

माझ्या मानेवर सर्रकन काटा आला. तो आवाज मी ओळखला. दोन तासांपूर्वी ऐकलेला आवाज कुणी विसरतं का? पण हात थांबला नाही माझा. पट्टा फुगवला, हवा सोडत गेले. अठ्ठावन्नला आवाज परत आला.

अठ्ठावन्न! पन्नासच्या वर!

"लागला?" दादाने विचारलं.

"लागला."

दारात फौजदार उभा होता. फॉर्म हातात. त्यानेही ऐकलं. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही म्हणाल हिच्या कानाचे भास. तो पुढे आला, आणि काही न बोलता दादाच्या मनगटावर बोटं ठेवली. घोट्याचा आवाज ऐकत राहिला. त्याचा चेहरा बदलला.

"हे जुळत नाहीये," तो हळूच म्हणाला. "हाताला नव्वद ठोके लागतायत. पायाला पन्नास पण नाहीत."

मी प्रोब तसाच धरून ठेवला.

"अगं, माणसाला हृदय एकच असतं ना?"

मी मशीन बंद केलं.

"अठ्ठावन्न लिही," मी म्हणाले. "आणि सही तू कर. मी केली तर चालणार नाही."

त्याने फॉर्म टेबलावर ठेवला. मग त्याने लिहिलं. सही केली. पेन खिशाला लावलं आणि निघून गेला. त्यानंतर त्याने माझ्याबरोबर डबा खाल्लेला नाही. महिन्याभरात दुसरीकडे बदली करून घेतली.

सर्जनने फुगा घालून नस उघडली. तीन दिवसांत पाय गुलाबी झाला. काळी पडलेली बोटंसुद्धा सुधारली, फक्त एक नख गेलं. सर्जन म्हणाला, "नशीब काढलंत." वहिनी, म्हणजे दादाची बायको, माझ्या गळ्यात पडून रडली. "तुझ्यामुळे वाचला गं पाय."

मला वाटलं, मरू दे ती शंका. मशीन बिघडलं असेल. ताणाने माझं डोकं फिरलं असेल.

पाय वाचला होता ना?

महिन्याभराने दादा तपासणीला आला. फौजदार गेला होता, म्हणून नियम बाजूला ठेवून मीच बघितलं. हाताचा दाब एकशे चाळीस, पायाचा नव्वद. झकास सुधारणा. आवाज तसाच, संथ, फरफटणारा. मी कुणाला ऐकू दिला नाही. मशीनला कानाला लावायचे हेडफोन असतात, ते लावून मी एकटीनेच ऐकलं.

वहिनी हसत हसत सांगायला लागली, "काय बाई तो पाय! उजव्या पायाची नखं दर तीन दिवसांनी कापावी लागतात. डाव्याची महिनाभर कापली नाहीत तरी चालतं."

मी पण हसले. काय करणार?

मग एक दिवस मी त्याच्या दुकानात गेले. तो शर्टाची बाही शिवत होता. मला बघून दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "गंमत बघ."

हात वर. डावा पाय खुर्चीखाली. कापड तसंच मशीनवर पडलेलं.

उजवा पाय चालूच होता... मशीनचं पायडल दाबत होता. संथ. एका लयीत.

"डुलकी लागली तरी थांबत नाही," दादा म्हणाला. "फुकटचा कामगार मिळालाय."

त्याच्या डोळ्यांत मात्र हसू नव्हतं. मी पायाकडे बघत होते आणि तो माझ्याकडे.

तिसऱ्या महिन्यात त्याने ते सांगितलं.

"ढमे, हा पाय वळतो गं."

"वळतो म्हणजे?"

"घरी जाताना चौकात मला उजवीकडे जायचं असतं. हा डावीकडे वळतो. ओढून आणावा लागतो. येतेस का बरोबर? एकदा जाऊ दे त्याला कुठे जायचंय तिथे."

संध्याकाळचे सहा वाजले होते. उजेड होता, मुलं सायकली चालवत होती. आम्ही बहीणभाऊ फिरायला निघाल्यासारखे निघालो. चौकात दादाने अंग सैल सोडलं. उजवा पाय डावीकडे पडला. मग पुढे. दादा त्याच्या मागून खेचला गेल्यासारखा चालत होता, आणि चालताना चप्पल घासत होती.

थप-खर्र... थप-खर्र...

माझा दादा आयुष्यात कधी चप्पल घासत चालला नव्हता.

पाणीटाकी ओलांडली. एक शाळा ओलांडली. तीन गल्ल्या. प्रत्येक फाटकापाशी पाय क्षणभर थांबायचा आणि मग पुढे जायचा. शेवटी एका बैठ्या घराच्या फाटकाशी पोचलो. पायाने फाटक ढकललं. खरंच सांगते, हात खिशात होते दादाचे. पायानेच ढकललं.

थप-खर्र... थप-खर्र... पायरीपर्यंत.

दार बंद होतं. आतून एका बाईचा आवाज आला.

"बाबा?"

मी दादाचा दंड घट्ट धरला.

दार उघडलं. तिशीतली बाई, हाताला पीठ लागलेलं. आम्हाला बघून ती ओशाळली. "माफ करा हं. माझे सासरे असेच चालायचे. पोस्टात होते. तीन महिने झाले त्यांना जाऊन... पण आवाज अगदी तसाच आला. कोण हवंय तुम्हाला?"

"पत्ता चुकला," दादा म्हणाला.

परत फिरायचं म्हटलं तर पाय फिरेना. दादाने दोन्ही हातांनी मांडीजवळची पँट धरली आणि एक एक पाऊल उचलून फाटकाबाहेर आणलं. घामाने निथळत होता. ती बाई दारात उभी राहून बघत होती.

कोपऱ्यावर त्याने विचारलं, "कुणाचं घर ते?"

"मला काय माहीत?" मी म्हणाले.

तोंडावर खोटं बोलले मी त्याच्याशी.

त्या आठवड्यात मी परत दाब बघितला. हाताला एकशे बावीस, पायाला एकशे सव्वीस. कुणीही बघितलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. पाय पूर्ण बरा!

पण मी आधीचे कागद शेजारी ठेवले आणि माझं धाबं दणाणलं.

पायाचा आकडा चढत होता, हे सगळ्यांना दिसत होतं. हाताचा उतरत होता, हे कुणी बघितलंच नव्हतं.

पाचव्या महिन्यात हाताला शहाण्णव. पायाला एकशे अठ्ठावन्न.

सर्जनकडे कागद नेला. तो म्हणाला, "नसा कडक झाल्या असतील. पट्ट्याने दबत नाहीत, मग आकडा खोटा जास्त येतो. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

बरोबर होतं त्याचं. असं होतं. पुस्तकात आहे. पण मी तो पाय हातात धरत होते. गरम होता. आणि दादाचे हात बर्फासारखे. गाल आत गेले होते. सुईत दोरा ओवता येईना, सुई बोटातून गळून पडायची. पाय मात्र झोपेतही चादरीखाली चालत असायचा, वहिनी भिंतीकडे सरकून झोपायची.

शनिवारी मी त्याच्याकडे गेले, तेव्हा तो कॉटवर बसला होता. उजवा पाय कॉटच्या दांड्याला कापडी पट्ट्याने बांधलेला.

"ढमे, काढून टाकायला सांग हा."

"अरे काय बोलतोस?"

"माझा नाहीये तो. मला माहितीये, तुलापण माहितीये. त्या दिवसापासून तुला माहितीये." तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. "मी शिकेन गं एका पायाने शिवायला. मोटर लावून घेईन, तू म्हणायचीस ना? पण मला राहू दे. सांगशील ना डॉक्टरला?"

मी त्याचे गार हात चोळत राहिले. "सोमवारी," मी म्हणाले. "सोमवारी सकाळी सगळं खरं सांगते. नोकरी गेली तर गेली."

खरंच सांगणार होते. शप्पथ.

रविवारी सकाळी दहाला वहिनीचा फोन आला.

मी पोचले तेव्हा गल्लीतले डॉक्टर येऊन गेले होते. नाडी नाही, श्वास नाही, डोळ्यांवर बॅटरी मारून बघितलं, झोपेतच गेला म्हणाले. कागद लिहून दिला होता. बाहेर माणसं जमायला लागली होती.

"मला दोन मिनिटं एकटीला बसू द्या त्याच्याजवळ," मी म्हणाले. दार लावून घेतलं.

पर्समधून छोटं मशीन काढलं. हो, आणलं होतं बरोबर. का आणलं ते मला विचारू नका.

मनगट बघितलं. काही नाही.

मान. काही नाही.

डावा घोटा. नुसती खरखर.

उजव्या पायावरची चादर बाजूला केली. पाय स्थिर होता, पहिल्यांदाच. बोटं गुलाबी. मी जेल लावलं, प्रोब टेकवला...

फुस्स-खर्र...

फुस्स-खर्र...

चालू होता.

मी ओरडले नाही. मला वाटतं, मला ते आधीच माहीत होतं. मी नुसती ऐकत बसले. आणि मग ऐकता ऐकता त्या संथ ठोक्यांच्या मागे आणखी काहीतरी ऐकू यायला लागलं.

आधी वाटलं खरखर आहे. आवाज वाढवला.

नव्हती खरखर.

दुसरा ठोका होता. हलका. घाईघाईचा. मिनिटाला नव्वद.

लहानपणी ताप आला की हा माणूस मला छातीशी धरून झोपवायचा. ती घाईची धडधड माझ्या कानाला पाठ होती.

"दादा?" मी हाक मारली.

तो ठोका वाढला.

शंभर... एकशे वीस... मोजता येईना इतका. जणू आतून दार वाजवत होता.

"दादा, ऐकू येतंय तुला?"

खोलीच्या दारावर टकटक झाली. "झालं का गं?" कुणीतरी म्हणालं. "लोक थांबलेत."

काय सांगणार होते मी? कुणाला बोलावणार होते? डॉक्टरांनी कागद दिलेला. सगळं अंग गार पडलेलं. 'माझा भाऊ त्याच्या पायात आहे' असं सांगू? मला धरून बाहेर नेलं असतं. आणि खरं सांगायचं तर... मला भीती वाटली. सहा महिन्यांपूर्वी काय केलं ते सगळं निघेल, याची भीती. त्या क्षणीसुद्धा मी स्वतःचाच विचार केला.

मी मशीन बंद केलं.

जेल पुसलं. स्वच्छ पुसलं, दोनदा. कपाटातून मोजा काढून त्या पायात चढवला आणि दार उघडलं.

वहिनी आत आली. त्याच्या कपाळावरून हात फिरवला, छातीवरून फिरवला आणि पायाशी बसली. दोन्ही पाय धरून डोकं टेकवलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"हा पाय गरम कसा गं?"

"चादरीमुळे," मी म्हणाले.

ते त्याला घेऊन गेले.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. मी अजून तिथेच काम करते. ते छोटं मशीन मी बिघडलंय म्हणून परत केलं, नवीन आलं. वहिनीकडे जात नाही फारशी. फोनवर ती दर वेळी विचारते, "त्या दिवशी दार लावून तू काय करत होतीस?" मी म्हणते, रडत होते.

हे इथे लिहायचं कारण वेगळंच आहे. तुमच्यात कुणी डॉक्टर असतील, कुणी माझ्यासारखं काम करणारे असतील. मी माझ्या ओळखीच्या कुणाला विचारू शकत नाही, म्हणून तुम्हाला विचारते.

मी मशीन बंद केलं तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याला अग्नी दिला तेव्हा अडीच वाजले होते.

एवढ्या वेळात थांबला असेल ना तो?